विलासभाऊंचे फ्लूटवाले

विलासभाऊ मेश्रामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका दांडग्या म्हाताऱ्यासमोर स्टूल ओढून बसले होते आणि नसलेल्या मेणबत्तीवर फुंकर घालायला त्याला शिकवत होते. मेणबत्ती म्हणजे त्यांची स्वतःची तर्जनी. म्हाताऱ्याने ओठांचा चंबू करून हळूहळू हवा सोडली की तर्जनी ज्योतीसारखी एका बाजूला कलायची. जोरात फुंकलं की झटकन मिटायची. "विझवलीस," ते इंग्रजीत म्हणायचे, "थांब, परत पेटवतो." तो माणूस जन्मभर शिपयार्डात राबलेला, मनगटं माझ्या पोटरीएवढी, आणि एका ठेंगण्या, सावळ्या, मिशाळ माणसाचं बोट मिटू नये म्हणून जीव लावून फुंकत होता.

दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहून भाऊ मराठीत म्हणाले, "ये बेटा. काय खाऊन आलीस?"

ग्लासगोच्या त्या हॉस्पिटलात मी नुकतीच फिजिओ म्हणून लागले होते. भाऊ तिथे माझ्या कितीतरी आधीपासून होते. फुप्फुसं थकलेल्या माणसांचा एक वर्ग ते आठवड्यातून दोनदा कौन्सिलच्या कम्युनिटी हॉलमध्ये घ्यायचे. शिपयार्डातली धूळ आणि वर्षानुवर्षांच्या सिगारेटी यांनी ज्यांचा दम खाल्ला होता अशी माणसं तिथे यायची. दोन खांबांमध्ये चालायचं, खुर्चीवरून उठायचं-बसायचं, एका पायरीवर चढायचं-उतरायचं, आणि श्वास सोडायला शिकायचं. "घ्यायचं शिकवावं लागत नाही," भाऊ म्हणायचे. "सोडायचं शिकवावं लागतं. आत हवा कोंडून बसतात आणि म्हणतात, हवा मिळत नाही."

माझं आडनाव त्यांनी मला कधीच विचारलं नाही. माझंच काय, कुणाचंच विचारायचे नाहीत. नवा मराठी माणूस भेटला की बाकीचे कसे गाव, आडनाव, कुणाचे कोण असं हळूहळू काढून घेतात. भाऊ थेट जेवणावर यायचे. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाले, "आपल्याकडे आडनाव विचारतात, इथे शाळा विचारतात. कुठल्या शाळेत होतास म्हटलं की समजायचं, चौकशी अभ्यासाची नाही. शाळेच्या नावावरून कळतं, माणूस कॅथलिक की प्रोटेस्टंट. पहिल्या महिन्यातच माझ्या लक्षात आलं. म्हटलं, अरे, हे तर आपल्याच गावात आलो."

त्यांना ते इतक्या लवकर का कळलं याची एक गोष्ट होती. हॉस्पिटलातल्या पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं, तू भारतात कुठला? भाऊ नागपूरचे. अभिमानाने म्हणाले, "मी ऑरेंज सिटीचा." संत्र्यांमुळे नागपूरला तसं म्हणतात, हे समोरच्यांना काय ठाऊक? चहा घेत असलेली एक नर्स कप घेऊन उठून गेली. आणि एका पोर्टरने येऊन त्यांच्या पाठीवर थाप मारली, "वेलकम होम, बिग मॅन." भाऊंची उंची पाच फूट तीन इंच.

ग्लासगोत फुटबॉलचे दोन मोठे क्लब आहेत, एक निळा, एक हिरवा. निळ्याच्या मागे बहुतेक प्रोटेस्टंट घरं, राणी-राजाला मानणारी. हिरव्याच्या मागे आयर्लंडहून आलेल्या कॅथलिकांची नातवंडं-पतवंडं. दोन्हींकडे फ्लूटचे बँड आहेत. गणवेश घालून, ओळी करून, पुढे लाकडी फ्लूट आणि मागे ढोल घेऊन रस्त्यावरून जाणारे. शनिवारी मॅचला जी मंडळी क्लबच्या समर्थकांची बस भरून जातात, तीच रविवारी बँडच्या प्रॅक्टिसला असतात. निळ्या बाजूच्या जुलैतल्या मोठ्या मिरवणुकीलाच इथे ऑरेंज वॉक म्हणतात. भाऊंनी नकळत पहिल्याच आठवड्यात आपली बाजू जाहीर करून टाकली होती. उठून गेलेल्या त्या नर्सला नंतर त्यांनी घरून संत्र्याची बर्फी नेऊन दिली आणि नकाशावर नागपूर दाखवलं. ती पुढे त्यांची जवळची मैत्रीण झाली, पण त्यांना ती कायम 'ऑरेंज सिटी' म्हणूनच हाक मारायची.

ग्लासगोतल्या त्यांच्या पहिल्या जुलै महिन्याची हकिकत मी त्यांच्या घरी ऐकली. कुंदावहिनींनी सावजी रस्सा केला होता आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांची मुलगी यशोधरा ग्लासगोतच जन्मलेली, तेव्हा रेडिओग्राफर व्हायला शिकत होती. तिने माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि म्हणाली, "तू घाबरू नको, मी पण रडतो."

भाऊ सांगू लागले. रविवारची सकाळ समजून खाली उतरले, खरं तर शनिवार होता. आणि लांबून बँडचा आवाज आला. "कोपऱ्यावर जाऊन पाहतो तर निळे झेंडे. पुढे बासऱ्या, मागे ढोल, पोरंसोरं, म्हाताऱ्या बाया, सगळे नटूनथटून. मला तर आमच्या जयंतीची मिरवणूकच वाटली. पाय थांबेचनात. गेलो मागोमाग."

"बाबा, हा स्टोरी तू दर वेळी वेगळा सांगतो," यशोधरा म्हणाली.

"ही स्टोरी. सांगतोस," वहिनींनी दुरुस्त केलं.

"एका बाईने हातात छोटा झेंडा दिला. मी पण तालात चालतो आहे. कुणी काही बोललं नाही, उलट खूश झाले. मग एका चर्चपाशी आलो. कॅथलिक चर्च. पायरीवर एक म्हातारी भाजीची पिशवी घेऊन उभी, मिरवणूक गेली की रस्ता ओलांडायचा म्हणून. आणि तिथे आल्यावर ढोलवाल्याने जोर वाढवला. आजूबाजूचे हसले. ती बाई खाली पाहत राहिली, फरशीकडे. तेव्हा मला कळलं, ही मिरवणूक कशाची आहे ते. मी फुटपाथवर चढलो. झेंडा ज्या बाईने दिला होता तिला परत दिला. तिला वाटलं मी दमलो. तिने मला पेपरमिंटची गोळी दिली."

मी म्हटलं, "म्हणजे तुम्हाला त्यांचा राग आला?"

भाऊंनी भाकरी मोडली. मग त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. वडील क्लॅरिनेट वाजवायचे. कामठीच्या बाजूला त्यांचा बँड होता. लोकांच्या लग्नात वाजवायचे. वरात मांडवाच्या दारापर्यंत न्यायची आणि आपण दाराबाहेर थांबायचं. जेवण मागच्या अंगणात, वेगळं. वर्षातून एकदा, जयंतीला, हा बँड स्वतःसाठी वाजवायचा. पण गावात एक गल्ली होती, तिथून मिरवणूक जाऊ द्यायचे नाहीत. दर वर्षी पोलीस, दर वर्षी तोच वाद. भाऊ लहान होते तेव्हा एका वर्षी अखेर परवानगी मिळाली.

"आख्खी वस्ती नाचत होती. आज दाखवू म्हणत होते. आणि बाबा त्या गल्लीत शिरले तसे एकदम हळू वाजवायला लागले. इतकं हळू की मला वाटलं, घाबरले. लाज वाटली मला. घरी आल्यावर विचारलं, काहून हळू वाजवलं? तर म्हणाले, त्या तिसऱ्या घरात बाळंतीण होती."

वहिनींनी माझ्या ताटात भात वाढला.

"ज्याला रस्त्यावरून जाऊ दिलं नाही त्याला मिरवणूक काय असते ते मी जाणतो," भाऊ म्हणाले. "त्या बँडवाल्या पोरांनाही तेच वाटत असेल, हा रस्ता आमचा. राग कसा करू? पण ढोल कुणाच्या दारात किती जोरात बडवायचा, हे ज्याच्या त्याच्या हातात असतं ना."

आता आर्ची आणि फ्रँकबद्दल सांगते. कारण भाऊ मला आठवतात ते या दोघांसकट.

बोटाची मेणबत्ती फुंकणारा तो दांडगा म्हातारा म्हणजे आर्ची. त्याच महिन्यात वर्गाची नवी तुकडी सुरू झाली, तीत आर्चीसोबत फ्रँकही आला. तो सडपातळ, नीटनेटका, निवृत्त बसड्रायव्हर. नाकाला ऑक्सिजनची नळी, सोबत चाकांवरचा सिलिंडर. नव्या तुकडीला भाऊ पहिल्या दिवशी विचारायचे, या वर्गानंतर तुम्हाला काय करता यायला हवं? कुणी म्हणतं बाजारात जाऊन यावं, कुणी म्हणतं नातवाला उचलावं. आर्ची म्हणाला, "स्टेडियमच्या पायऱ्या." निळ्या क्लबच्या मैदानात वरच्या मजल्यावर त्याची वर्षानुवर्षांची जागा होती आणि गेली दोन वर्षं तो तिथवर चढू शकला नव्हता. "आणि फ्लूट," तो पुढे पुटपुटला. "चाळीस वर्षं बँडमध्ये वाजवला. आता एक सूर टिकत नाही. ड्रॉवरमध्ये पडलाय."

"माझा कपाटावर आहे," फ्रँक म्हणाला.

दोघांनी पहिल्यांदाच एकमेकांकडे पाहिलं. आर्चीने विचारलं, "कुठला बँड?" फ्रँकने नाव सांगितलं. आर्ची उठला, खुर्ची उचलायची ताकद नव्हती म्हणून ती ढकलत ढकलत हॉलच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेला आणि तिथे धापा टाकत बसला.

भाऊंनी ते सगळं शांतपणे पाहिलं. मग म्हणाले, "पुढच्या वेळी दोघांनीही फ्लूट आणायचे."

मला वाटलं होतं ते गंमत करताहेत. पण खरंच आणवले. विचारपूस केल्यावर आणखी तिघं निघाले, तरुणपणी कुठल्या ना कुठल्या बँडमध्ये वाजवलेले. भाऊंची अट एकच होती: धून वाजवायची नाही. एकच सूर, हळू, जमेल तितका लांब. फुंकर घालण्याचाच व्यायाम, फक्त लाकडातून. धून का नाही ते मला त्यांनी नंतर सांगितलं. या शहरात प्रत्येक धुनेला मालक आहे. पहिल्या दोन स्वरांतच कळतं कोण वाजवतोय आणि कुणाला ऐकवतोय. सुट्या सुराला मात्र धर्म नसतो.

एक वाजवत असताना दुसऱ्याने त्याच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरकडे बघायचं, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या त्या चिमट्याकडे. आकडा खाली गेला तर हात वर करायचा. भाऊंनी जोड्या लावल्या आणि आर्ची-फ्रँकची जोडी लावली. मी हळूच म्हटलं, "भाऊ, मुद्दाम ना?" ते म्हणाले, "मुद्दाम नाही तर काय. दोघांचं फुप्फुस सारखंच खराब आहे. बाकी कुणाशी जमणार त्यांचं?"

कित्येक आठवडे ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. फ्रँक फक्त आकडे सांगायचा. "ब्याण्णव. एक्क्याण्णव. थांब." आर्ची थांबायचा. मग एका थंड सकाळी आर्ची हट्टाला पेटला. तो सूर सोडेचना. मी आणि भाऊ पलीकडे एका बाईला चालवत होतो. फ्रँकने हात वर केला, पण आमचं लक्ष नव्हतं. तेव्हा त्याने उठून आर्चीच्या ओठांवरचा फ्लूट सरळ ओढून घेतला आणि आपलं बोट त्याच्या तोंडापुढे धरलं. "फुंक, गाढवा. हळू. विझवू नकोस." आम्ही पोचलो तोवर आर्चीच्या निळ्या पडलेल्या ओठांवर परत रंग येत होता. त्याने आभार मानले नाहीत. पुढच्या वर्गाला बिस्किटांचे दोन पुडे आणले, एक स्वतःच्या खुर्चीवर ठेवला आणि एक फ्रँकच्या.

मला वाटलं, झालं, जमलं. भाऊ म्हणाले, "मॅच होऊ दे आधी."

मॅच झाली. निळे जिंकले. सोमवारी आर्ची गळ्यात स्कार्फ घालून आला, आनंदाने फुललेला. फ्लूट जोडला, ओठांना लावला आणि लांब सुराऐवजी एका गाण्याची ओळ वाजवली. एकच ओळ. मला ते गाणं ठाऊक नव्हतं. हॉलमधल्या बाकी सगळ्यांना होतं. फ्रँकच्या माणसांना या शहरातून चालते व्हा म्हणणारं ते गाणं होतं.

फ्रँकने फ्लूट पुसून पेटीत ठेवला. कोट घातला. सिलिंडरचा दांडा धरला आणि निघाला. कुणी त्याला अडवलं नाही.

भाऊ ओरडतील असं मला वाटलं. ते स्टूल घेऊन आर्चीसमोर बसले. "अर्धवट का सोडलंस? पूर्ण वाजव. फ्रँक अजून कॉरिडॉरमध्येच असेल. त्याला चालायला वेळ लागतो. ऐकू जाईल त्याला."

आर्चीने फ्लूट मांडीवर ठेवला. कॉरिडॉरमधून सिलिंडरच्या चाकांचा आवाज येत होता, मध्येच थांबून परत सुरू होणारा.

वर्गातल्या एका माणसाने तक्रार केली. तो परत कधीच आला नाही, आणि त्याचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. आमची मॅनेजर समंजस बाई होती. तिने भाऊंना बोलावून सांगितलं की फ्लूट बंद. भाऊंनी वाद घातला नाही. पण फ्रँकही यायचा बंद झाला. थंडी वाढली होती आणि अशा माणसाने घरात बसून राहिलं की त्याचे पाय आणि फुप्फुसं दोन्ही किती वेगाने खचतात हे आम्हाला माहीत होतं. भाऊ त्याला फोन करायचे. तो म्हणायचा, बरं आहे. आवाजावरून बरं वाटायचं नाही.

दोन-तीन आठवड्यांनी आर्ची भाऊंना म्हणाला, "त्याला सांगा, मी गंमत करत होतो."

"निरोप मी नेत नाही."

"मग मी काय करू?"

"तुला काय करता यायला हवं होतं? पहिल्या दिवशी सांगितलं होतंस."

"स्टेडियमच्या पायऱ्या."

"फ्रँक तिसऱ्या मजल्यावर राहतो," भाऊ म्हणाले. "लिफ्ट नाही. मी त्याला विचारलंय. तो म्हणाला, चढला तर दार उघडेन."

शनिवारी दुपारी आम्ही तिघं त्या जुन्या दगडी इमारतीच्या जिन्याशी उभे होतो. मी घडीची खुर्ची घेतली होती, भाऊंनी छोटा ऑक्सिजन. आर्चीची मुलगी गाडीत बसून राहिली, तिला बघवणार नव्हतं. आर्चीने जाकिटावरचा क्लबचा बिल्ला काढायला हात घातला. भाऊ म्हणाले, "राहू दे. तुला ओळखतो तो." मग आम्ही चढू लागलो. तीन पायऱ्या चढायच्या, कठड्याला टेकायचं, श्वास सोडायचा. परत तीन पायऱ्या. पहिल्या मजल्यावर खुर्ची उघडली. आर्चीच्या कपाळावर घाम होता. "मी मूर्ख आहे का?" त्याने विचारलं. भाऊ म्हणाले, "बोलू नकोस. बोलायला हवा लागते. वर गेल्यावर लागेल ती."

दुसऱ्या मजल्यावर एक दार उघडलं. हातात धुतलेल्या कपड्यांची टोपली घेतलेली बाई आमच्याकडे बघत राहिली. तिने बिल्ला पाहिला. मी मनात म्हटलं, आता काय. ती आत गेली आणि एक उशी घेऊन आली. "खुर्ची कडक आहे ती," म्हणाली. आर्ची त्या उशीवर बराच वेळ बसला. तिने टोपली खाली ठेवली आणि दारातच थांबली. आम्ही पुढचा जिना चढायला लागलो तेव्हा ती खालून म्हणाली, "डावीकडचं दार. घंटी बिघडली आहे, दार वाजवा जोरात."

वाजवावं लागलं नाही. फ्रँक दार उघडून उभाच होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. ऑक्सिजनची लांब नळी त्याच्या मागे घरात गेली होती. आर्ची शेवटची पायरी चढला आणि कठडा धरून उभा राहिला. त्याने काहीतरी ठरवून आणलं होतं, दिसत होतं, पण शब्दाला हवाच नव्हती. तोंड उघडायचा, मिटायचा. फ्रँकने कार्डिगनच्या खिशातून ऑक्सिमीटर काढला, आर्चीच्या बोटाला लावला आणि आकड्याकडे पाहिलं. "आत येऊन बस," म्हणाला. "बोलू नकोस."

फ्रँकच्या बायकोने चहा केला. दोघं म्हातारे खिडकीजवळच्या दोन खुर्च्यांवर बसले. मी आणि भाऊ सोफ्याच्या कडेला. दम बसल्यावर आर्ची म्हणाला, "मी ते वाजवायला नको होतं."

"नको होतं," फ्रँक म्हणाला.

चहा निवला. मग फ्रँकच म्हणाला, "आणि वाजवलंसही वाईट. मध्येच घसरलास."

"दम संपला."

"लहानपणापासून ते मी खिडकीतून ऐकत आलोय. आई खिडकी लावून घ्यायची, तरी ऐकू यायचं. मला ते तुझ्यापेक्षा चांगलं येतं."

आर्चीने मान खाली घातली. तो काय विचार करत होता ते मला माहीत नाही. पण नंतर त्याने ते गाणं कधी वाजवलं नाही, निदान आमच्या कानावर तरी आलं नाही.

पुढच्या आठवड्यात दोघं मिळून मॅनेजरच्या ऑफिसात गेले. तिने त्यांना काय विचारलं आणि त्यांनी काय सांगितलं हे कुणाला कळलं नाही. फ्लूट परत आले. सगळं गोड झालं असं मात्र नाही. मॅचच्या आधीचा आठवडाभर दोघं एकमेकांशी फक्त आकड्यांत बोलायचे. आर्चीच्या बँडमधल्या एका जुन्या मित्राने त्याच्याशी बोलणं टाकलं आणि ते त्याला लागलं होतं. फ्रँकचा मेव्हणा त्याला चिडवायचा. पण वर्ग चालू राहिला. आणि वसंतात एकदा फ्रँक म्हणाला, "एकच सूर किती दिवस वाजवायचा? आम्हाला धून हवी."

"कुणाची?" भाऊंनी विचारलं.

फ्रँकने आर्चीकडे पाहिलं. आर्चीने छताकडे. "तुझ्याकडची एखादी सांग," फ्रँक भाऊंना म्हणाला. "तुझा बाप वाजवायचा म्हणतोस ना."

भाऊंचा गळा म्हणजे फुटक्या पातेल्याचा आवाज. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि वडिलांच्या बँडची जयंतीची एक चाल त्यांनी गुणगुणली, सुरुवातीला इतकी बेसूर की मला हसू आवरेना. पण त्या पाच म्हाताऱ्यांनी जन्मभर कानानेच धुना उचललेल्या. आर्चीने पहिली ओळ पकडली, फ्रँकने दुसरी. दर दोन ओळींनंतर सगळ्यांनी थांबून दम घ्यायचा, मग पुढे. त्या थांबण्यामुळे ती चाल काही वेगळीच झाली, हळू आणि मोकळी. भाऊ वळले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. "अजून हळू," एवढंच म्हणाले.

त्या एप्रिलमध्ये ग्लासगोतल्या आमच्या बौद्ध मंडळींनी भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये जयंती साजरी केली. डॉक्टर, आयटीवाले, विद्यार्थी, इथेच जन्मलेली मुलं. स्टेजवर निळे झेंडे लावले होते. आर्ची आत आला, झेंडे पाहून थबकला आणि फ्रँकच्या कानात म्हणाला, "हे आमचेच लोक दिसतात." फ्रँक म्हणाला, "गप्प बस. पाहुणा आहेस." दोघांच्या बँडमधले दोघं-तिघं उत्सुकतेपोटी आले होते, ते समोरासमोरच्या भिंतींना टेकून उभे होते. यशोधराने माइक हातात घेऊन सांगितलं, "हा माझ्या आजोबांचा धून आहे," आणि तिच्या आईने या वेळी तिला दुरुस्त केलं नाही. ते पाच जण खुर्च्यांवर बसून वाजवू लागले तसे मागच्या रांगेतले एक आजोबा उठून उभे राहिले, मग त्यांच्या शेजारचे, मग सगळेच. एका मुलीने लेझीम काढली. मी भाऊंना शोधत किचनमध्ये गेले. ते खिरीच्या पातेल्यासमोर डाव घेऊन उभे होते, ढवळत नव्हते. वहिनी माझ्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, "राहू दे त्यांना. ऐकतायत." नंतर समोरासमोरच्या भिंतींजवळचे ते सगळे खीर खाताना दिसले. एकमेकांशी बोलत नव्हते, पण दुसऱ्यांदा घ्यायला एकाच टेबलाशी आले होते.

यशोधराला लेस्टरच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली, तिचं लग्न झालं, मूल झालं. भाऊ निवृत्त झाले आणि त्यांनी आणि वहिनींनी तिकडेच जायचं ठरवलं. वर्ग माझ्याकडे आला. निरोपाचा समारंभ त्यांनी होऊ दिला नाही. आर्चीने त्यांना स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरून काढलेला स्वतःचा फोटो पाठवला, मागे सगळं निळं. फ्रँकचं म्हणणं होतं की इतके कष्ट करून चढला आणि संघ हरला, याला न्याय म्हणतात. ते दोघं अजून येतात. आर्ची आता व्हीलचेअरमध्ये असतो आणि फ्रँक त्याच्या शेजारी बसून नव्या पेशंटांना सांगतो, हवा कशी सोडायची.

भाऊंना मी शेवटचं पाहिलं ते लेस्टरला जायच्या आदल्या शनिवारी. मी बसच्या वरच्या मजल्यावर होते. मॅचचा दिवस होता, रस्ते माणसांनी भरलेले, बस मुंगीच्या पावलाने चाललेली. समोरच्या थांब्यावर समर्थकांचा घोळका उभा होता आणि त्यात मध्येच भाऊ, हातात भाजीची पिशवी, त्यातून कोथिंबिरीची पानं डोकावत होती. त्यांच्या बाजूचा एक माणूस कंबरेत वाकून खोकत होता. भाऊंनी पिशवी दोन पायांमध्ये ठेवली आणि त्याच्या पाठीवर सपाट हात ठेवला. काहीतरी सांगत होते. माझ्यापर्यंत आवाज येत नव्हता. मी काचेवर टकटक केली, पण त्या गर्दीत त्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं. त्या माणसाचा खोकला थांबला. तो हळूहळू ताठ झाला. त्याने वळून, कोण आहे हा, म्हणून पाहिलं आणि मग भाऊंनी विचारलेल्या कशाचं तरी उत्तर देऊ लागला, हातवारे करत. पुढच्या सिग्नलला आमची बस वळली तोवर तो बोलतच होता, आणि भाऊ मान हलवत ऐकत होते.